कलमाची पारख

हिवाळ्यात आपल्या घरी येणारी संत्री आपण सरसकट नागपुरी म्हणतो. त्यांतील कित्येक सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौंसर या तालुक्यांत पिकलेली असतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर-वऱ्हाड मुंबई राज्यात गेले आणि हे मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. बागाईतीची रीत मात्र सीमेपलीकडील वरूड-मोर्शीसारखीच आहे.

नव्या बागा लावल्या की उत्पादन वाढते. दर झाडाचे फळ वाढेलच असे नाही. दोन-चार एकरांच्या धन्यास हा भेद फार जाणवतो. सहा मीटर अंतरावर लागवड केल्यास एकरी सुमारे ११० झाडे बसतात. त्यांतील वीस झाडे डिंक्याने वाळली, तर मोठ्या बागाईतदाराचा नफा घटतो. लहान शेतकऱ्याच्या घरी मुलीचे शिक्षण अडते.

डिंक्या हा फायटोफ्थोरा नामक बुरशीसदृश सूक्ष्मजीवाचा रोग होय. साचलेल्या ओलीत तो फोफावतो; मुळे व साल कुजते, बुंध्यातून डिंक स्रवतो. पुष्कळदा तो रोपवाटिकेतूनच कलमाबरोबर शेतात येतो. संत्र्याचा डोळा जंभेरी वा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरतात. तो जमिनीपासून वीतभर उंच असावा व लावताना मातीत गाडला जाऊ नये. कलम स्वस्त घेतल्याची खोट त्या दिवशी दिसत नाही; पाच-सहा वर्षांनी, बाग फळावर येण्याच्या वेळी ती उघडी पडते. कापसाचे बियाणे फसले तर पुढल्या मृगात सावरता येते. संत्र्याला तेवढी सवड नसते.

उपाय साधे आहेत. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेसारख्या खात्रीच्या ठिकाणची रोगमुक्त कलमे घ्यावीत. ओलिताचे पाणी बुंध्यास लागू नये म्हणून दुहेरी आळे करावे, भारी जमिनीत चर काढावेत आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर बुंध्यास बोर्डो मलम लावावे.

आमच्या वाचकांपैकी अनेकजण नोकरीनिमित्त दूर असून गावची शेती भाऊबंदांच्या हाती आहे. नव्या बागेसाठी पैसे धाडताना झाडे किती लावणार, एवढेच न विचारता कलमे कोठली व डोळा किती उंचीवर भरलेला, हेही अवश्य विचारावे, अशी आमची विनंती आहे.