शिकलेला माणूस दार कशाला उघडेल?

१० डिसेंबर २०२२. चेन्नईहून तिरुचिरापल्लीला निघालेल्या इंडिगोच्या विमानाचे आपत्कालीन दार उड्डाणापूर्वीच उघडले गेले. तपासणी झाली, विमान सुमारे दोन तास उशिरा सुटले. तंजावरच्या माणसाला घरी जायचे तर याच तिरुचिरापल्लीला उतरून पुढे पन्नासेक किलोमीटर रस्त्याने जावे लागते. कामासाठी निघालेल्या कुणाची बैठक हुकली असेल, कुणाची शेवटची बस.

दार कुणी उघडले, हे महिनाभर अधिकृतपणे कुणी सांगितले नाही. जानेवारीत गवगवा झाल्यावर कंपनीने निवेदन काढले: एका प्रवाशाकडून चुकून दार उघडले गेले, त्याने लगेच माफी मागितली. निवेदनात प्रवाशाचे नाव नव्हते. दुसऱ्या दिवशी नागरी उड्डाण मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी सांगितले की ते भाजपचे खासदार तेजस्वी सूर्या होते, चूक झाली, त्यांनी माफी मागितली. विषय संपला.

चूक कुणाकडूनही होऊ शकते आणि ती चूकच असेल तर शिक्षा नको, हे मान्य. आमचा सवाल वेगळा आहे. ती चूक होती, हे इतक्या सहज गृहीत कसे धरले गेले?

उत्तर त्याच विमानात असलेल्या अण्णामलाई यांनी देऊन टाकले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की सूर्या शिकलेले आहेत, ते दार कशाला उघडतील? मंत्री म्हणतात चुकून उघडले, सहकारी म्हणतो उघडलेच नाही. दोन्ही खुलासे एकाच वेळी चालून गेले, कारण माणूस ‘चांगल्या घरचा’.

आता दुसरे विमान पाहा. २४ जानेवारी २०२३, नागपूर-मुंबई, कंपनी तीच. उतरताना एका प्रवाशाने आपत्कालीन दाराचे आवरण काढण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप झाला आणि मुंबईत गुन्हा दाखल झाला. हे विमान हवेत होते, ते जमिनीवर, हा फरक खराच. पण इथे चूक की मुद्दाम, हे पोलिसांनी तपासायचे ठरले, तिथे मंत्र्यांनीच निकाल दिला.

हा तर्क तंजावरला नवा नाही. २५ डिसेंबर १९६८ रोजी तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी गावात ४४ दलित शेतमजूर, बायका आणि मुले झोपडीत जाळून मारली गेली. आरोपी जमीनदार मद्रास उच्च न्यायालयातून सुटले. एवढे श्रीमंत लोक, त्यांतल्या एकाकडे तर मोटार, ते स्वतः चालत जाऊन आग लावतील यावर विश्वास बसत नाही, असे न्यायालयाने म्हटले. विमानातला खोळंबा आणि ते हत्याकांड यांची तुलना होऊच शकत नाही. पण तर्काची जात एकच आहे: माणसाचा दर्जा हाच त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा.

मित्रांनो, आपण घरातले पहिले पदवीधर. आपल्याला सांगितले गेले की शिकलात की मान मिळेल. पण आपली पदवी निघताच ‘कोट्यातून का?’ हा प्रश्न येतो. त्यांची पदवी साक्षीदार होते, आपली पदवी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. आपल्या हातून बटण चुकीचे दाबले गेले तर ते ‘यांना सवय नाही’ ठरते, आणि त्याचा बोल साऱ्या समाजाला लागतो.

खासदारकीचा प्रश्न पक्षाचाही नाही. मार्च २०१७ मध्ये शिवसेनेचे उस्मानाबादचे खासदार रवींद्र गायकवाड यांनी एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारले. खेदाचे पत्र दिल्यावर पंधरवड्यात त्यांच्यावरची बंदी उठली. त्यानंतर बेशिस्त प्रवाशांसाठी तीन पातळ्यांचे नियम आले, तीन महिन्यांपासून दोन वर्षे व त्याहून अधिक बंदीपर्यंत. नियम कागदावर सर्वांना सारखेच आहेत.

म्हणून मागणी साधी आहे. प्रवाशामुळे विमान थांबले तर कारण त्याच दिवशी जाहीर करा, चौकशी मंत्र्याने नव्हे, नियमाने ठरलेल्या समितीने करावी आणि तिचा निष्कर्ष प्रसिद्ध व्हावा. आणि ‘चुकून झाले’ हे ऐकून घ्यायची तयारी असेल, तर ती पहिल्यांदाच विमानात बसलेल्या मजुराच्या पोरासाठीही असू द्या.

जय भीम!