वंशावळ घरी ठेवा, कुत्रा मैदानात आणा

आमच्या गल्लीत गॅरेजमध्ये काम करणारा एक पोरगा आहे. पावसाळ्यात गटाराकाठी सापडलेलं पिल्लू त्याने वाढवलं, नाव ठेवलं शेरू. मोबाइलवर अ‍ॅजिलिटीचे व्हिडिओ पाहून तो शेरूला जुन्या टायरमधून उड्या मारायला शिकवू लागला. त्याला घेऊन मी शहरातल्या एका प्रशिक्षण वर्गात गेलो. पहिला प्रश्न आला, "ब्रीड कोणती?" दुसरा, "कागद आहेत का?" फीचा आकडा ऐकल्यावर तिसऱ्या प्रश्नाची गरजच उरली नाही. पोराचा निम्मा पगार त्यात गेला असता. परत येताना तो म्हणाला, "चाचा, हे आपलं काम नाही."

हे वाक्य मला मान्य नाही. ते त्याच्या तोंडी कुणी घातलं, हे शोधायला हवं.

अ‍ॅजिलिटी म्हणजे कुत्र्याची अडथळ्यांची शर्यत. उड्यांचे दांडे, बोगदा, ओळीने रोवलेले बारा खांब, चढ-उताराची फळी, सी-सॉ. मालक सोबत धावतो. आवाजाने आणि हाताच्या इशाऱ्याने वाट दाखवतो. कुत्र्याला किंवा अडथळ्याला हात लावायचा नाही. दांडा पडला, अडथळा चुकला किंवा वेळ जास्त लागला की गुण जातात. पंचाच्या कागदावर वंशावळीचा रकाना नाही. कुत्र्याची उंची मोजतात, तीही उडीचा दांडा किती वर ठेवायचा हे ठरवण्यापुरती.

हा खेळ जन्मला 1978 साली, लंडनच्या क्रफ्ट्स या प्रसिद्ध श्वान प्रदर्शनात. दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत प्रेक्षकांना काहीतरी दाखवावं, म्हणून घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून ही कल्पना निघाली. अमेरिकेत 1986 साली युनायटेड स्टेट्स डॉग अ‍ॅजिलिटी असोसिएशन स्थापन झाली. तिने संकरित कुत्र्यांनाही दार उघडं ठेवलं. अमेरिकन केनेल क्लबने 1994 मध्ये हा खेळ सुरू केला, पण संकरित कुत्र्यांना आत यायला 2010 उजाडलं. सोळा वर्षं कशासाठी? दांड्याला तर कधीच कळलं नव्हतं की वरून कोण गेलं! 2024 साली न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर स्पर्धेत अ‍ॅजिलिटीचं अजिंक्यपद निंबल नावाच्या संकरित कुत्रीने जिंकलं. हे तिथे पहिल्यांदाच घडलं.

म्हणजे रक्ताची अट पडली. पैशाची अट मात्र उभी आहे. अमेरिकन केनेल क्लबचा मास्टर अ‍ॅजिलिटी चॅम्पियन हा किताब घ्यायचा तर 750 गुण लागतात आणि एकाच दिवशी दोन्ही प्रकारांत निर्दोष धावण्याची कामगिरी वीस वेळा करावी लागते. म्हणजे किमान चाळीस निर्दोष धावा, आणि प्रत्येक धावेची फी वेगळी. चुकलेल्या धावेची फी परत मिळत नाही. धाव संपते मिनिटभरात. प्रवास, मुक्काम आणि फी यांचा हिशेब महिनाभर चालतो. हा नमुना आपण जसाच्या तसा उचलला, तर शेरूसारख्यांना कोणत्याही नियमाने बाहेर काढावं लागणार नाही. ते आपणहून निघून जातील.

आपल्याकडे दुसरा नमुना आहे, आणि तो आपलाच आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली खो-खोचे नियम बांधले. खेळ गल्लीतला होता, नियमांनी तो मैदानी स्पर्धेचा झाला. पण साहित्य दोन खांबांपलीकडे गेलं नाही. खो-खोतली एकेरी साखळी आठवा. बसलेल्या खेळाडूंच्या मधून नागमोडी धावणारा पोरगा आणि बारा खांबांतून जाणारा कुत्रा यांच्यात फरक पायांच्या संख्येचाच आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आधी वस्तीवस्तीत क्लब उभे राहोत, मग त्या क्लबांनी मिळून संघटना करावी. आधी अध्यक्ष, लेटरहेड, हारतुरे आणि मग मैदान शोधायचं, हा आपला जुना रोग आहे. संस्था नोंदवायला 1860 च्या कायद्याने सात माणसं पुरतात; महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद करावी लागते. ते होईल. त्याआधी रविवारी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, शाळेच्या मैदानावर दहा कुत्रे जमले पाहिजेत.

साहित्याचं काय? उड्यांचे दांडे आणि खांब प्लंबरच्या दुकानातल्या पीव्हीसी पाइपातून होतात. खांबांमधलं अंतर 60 सेंटिमीटर. बोगदा महाग, तो वर्गणीतून घ्यावा. चढ-उताराच्या फळ्या मात्र स्वस्तात करू नका. त्या डगमगल्या तर कुत्र्याचे पाय मोडतील. सुरुवातीला त्यांची गरजही नाही. जम्पिंग या मान्यताप्राप्त प्रकारात उड्या, बोगदे आणि खांबच असतात.

नियम कडक हवेत, फी नको. रेबीजची लस आणि पालिकेचा परवाना सक्तीचा. ब्रिटनच्या केनेल क्लबप्रमाणे अठरा महिन्यांखालचा कुत्रा स्पर्धेत नाही. उडी मातीवर, काँक्रीटवर कधीच नाही. मारणाऱ्याला मैदानाबाहेर काढायचं, मग तो देणगीदार का असेना. शिकवणाऱ्याला मानधन द्यावं. बाकी जो धावेल त्याने दांडे उचलावेत, वेळ नोंदवावी. एका क्लबला एक मत, आणि हिशेब दरवर्षी फलकावर.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, स्वस्त केलं की दर्जा घसरतो. दर्जा स्टॉपवॉच आणि पंच ठरवतात. त्यांना तुमच्या पावतीवरचा आकडा दिसत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच मोहल्ल्यातला: "मुसलमान आणि कुत्रा?" कोकणातले शाफई कुत्र्याच्या स्पर्शाबाबत कडक आहेत, हनफी प्रामुख्याने लाळेबाबत, तर मालिकी मताप्रमाणे कुत्रा नापाक नाही. ज्याला जे पाळायचं ते त्याने पाळावं, हातपाय धुवावेत. पण शिकवलेल्या शिकारी जनावरांनी धरलेली शिकार सूरह माइदामध्ये हलाल ठरवली आहे, आणि गुहेतल्या तरुणांच्या सोबतीला कुत्रा होता हे सूरह कहफ वाचणारा प्रत्येक जण जाणतो. मैदानात कुत्र्याला शिकवण्यात दीन बुडतो असं म्हणणाऱ्याने आधी हे वाचावं. आणि मुसलमानाला कुत्र्यांचं वावडं असतं, असं हसत सांगणाऱ्या बाकीच्यांनीही!

क्लबामुळे भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सुटेल, असं मी म्हणत नाही. पण रस्त्यावरून घरात आलेल्या कुत्र्याला लस मिळेल, इशारा ऐकायची सवय लागेल आणि त्याच्या मालकाला डॉक्टर, शिक्षक, रिक्षावाला यांच्या बरोबरीने उभं राहता येईल. आपल्या शहरांत अशा जागा किती उरल्या आहेत, मोजून पाहा.

आम्ही सहा जण आहोत. पाइप कापून झाले आहेत, शेरू आता चार खांब न चुकता जातो. सातवा माणूस हवा. कुत्रा कोणत्या जातीचा, हे विचारणार नाही. माणसालाही नाही.