बेबीचा डावा गाल

दिवाळी अंकासाठी संपादकांचा निरोप दरवर्षी एकच असतो : "काहीतरी हलकेफुलके द्या." फराळाच्या ताटावर जड बोलू नये, हा शिष्टाचार मलाही मान्य आहे. म्हणून यंदा आमच्या बेबीच्या चेहऱ्याची हकीकत सांगायला बसले आहे. सुरुवातीला ती हलकीफुलकीच होती.

आमची बेबी आता पंचावन्न वर्षांची आहे. शेंडेफळाचे पाळण्यातले नाव मागे पडते आणि हाकेचे नाव जन्मभर चिकटते, त्यातला हा प्रकार. तिचे केस पिकले, मुलगा नोकरीला लागला, पण "बेबी, चहा टाक गं" यात काडीचा फरक पडलेला नाही.

गेल्या वर्षी दिवाळी पंधरा दिवसांवर आली असताना एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली. मी चकलीची भाजणी चाळत बसले होते. तिने पर्समधून एक गुळगुळीत रंगीत पत्रक काढून माझ्यापुढे धरले. त्यावर पंचविशीतल्या एका मुलीचे छायाचित्र होते आणि खाली मजकूर होता : 'सुई नाही, वेदना नाही, विश्रांतीची गरज नाही. एका तासात दहा वर्षांनी तरुण व्हा!'

"ही पोरगी आणखी दहा वर्षांनी तरुण झाली तर शाळेत घालावी लागेल," मी म्हटले.

आमच्या ह्यांनी वर्तमानपत्राआडून पुस्ती जोडली, "चेहऱ्याला इस्त्री करून मिळते वाटतं? जाणार असशील तर माझे दोन सदरेही घेऊन जा."

एरवी अशा विनोदाला बेबी आमच्याआधी हसते. त्या दिवशी हसली नाही. पत्रकाची घडी घालीत ती एवढेच म्हणाली, "ताई, तू माझ्याबरोबर येणार आहेस का, तेवढं सांग."

गेले. धाकट्या बहिणीला एकटीने दाताच्या डॉक्टरकडेही पाठवू नये, ही आमच्या आईची शिकवण.

स्पा म्हणजे काय हे मला तोवर ऐकूनच ठाऊक होते. आत शिरताच गवती चहाचा वास, मंद दिवे आणि कुठून तरी येणारा पाण्याचा आवाज. आमच्या वाड्यात नळाचा असा आवाज आला असता तर चार बिऱ्हाडे नळ बंद करायला धावली असती. एका चुणचुणीत मुलीने बेबीला आडवे केले, केसांना पट्टी बांधली आणि चाकांवरचे एक यंत्र जवळ ओढले. त्याला पेनासारखी एक नळी. नळीच्या टोकातून औषधी पाणी चेहऱ्यावर सुटते आणि त्याच टोकातून मळासकट परत ओढले जाते. मध्ये सौम्य आम्लाचा हात फिरतो, मग पौष्टिक द्रावणाचा, आणि शेवटी तांबड्या दिव्यांचा एक मुखवटा तोंडावर ठेवतात. शेवटी त्या मुलीने गढूळ पाण्याची बाटली आम्हांला अभिमानाने दाखवली. "बघा मॅडम, एवढं सगळं तुमच्या चेहऱ्यातून निघालं!" नरकचतुर्दशीला उटणे लावून मोरीत वाहून जाणारे पाणी कोणी बाटलीत भरून दाखवले असते, तर त्याचाही रंग असाच निघाला असता.

पण वाचकहो, एक गोष्ट मी त्या अंधुक उजेडात पाहिली आणि माझी थट्टा घशातच राहिली. मुखवटा चढण्याआधी ती मुलगी दोन्ही हातांनी बेबीच्या गालांना मालीश करीत होती, तेव्हा बेबीच्या मिटल्या डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळत होते. मुलीने विचारले, "झोंबतंय का मॅडम?" बेबी म्हणाली, "नाही गं. चालू दे तुझं." पुढे तिने मला सांगितले की आई गेल्यापासून तिच्या तोंडावरून कोणी हात फिरवला नव्हता.

तो तास संपला. साडेचार हजार रुपये झाले आणि चेहरा खरोखरच तजेलदार दिसू लागला. इथेच थांबलो असतो तर हा लेख हलकाफुलका राहिला असता. पण त्या मुलीने आरसा धरून बेबीच्या नाकापासून ओठांकडे उतरणाऱ्या दोन रेषांवर बोट ठेवले. "मॅडम, या यानं नाही जायच्या. त्याला पेन लागेल." हे दुसरे पेन. यात सुई नसते. हायलुरॉनिक आम्लाची लगदी नुसत्या दाबाने कातडीत घुसवायची, की रेषा भरून येते आणि ओठही फुगतात. दिवाळीची खास सवलत शनिवारपर्यंत.

"हे कोण करतं? डॉक्टर येतात का?" मी विचारले.

"नाही मॅडम, मीच करते. दोन दिवसांचा कोर्स केलाय."

बेबी पर्स उघडू लागली. मी तिचा हात धरला. आधी त्वचेच्या डॉक्टरांना विचारू, मग ये हवी तर, असे म्हणून तिला जवळजवळ ओढतच रस्त्यावर आणले. रिक्षात बसल्यावर तिचा बांध फुटला.

"तुला काय होतंय बोलायला! तुला घरी बसून लिहायचंय. तुझा चेहरा कोण बघतं?"

मग सगळे बाहेर आले. एका खासगी कचेरीत बेबी बावीस वर्षे दर्शनी टेबलावर बसत होती. आल्यागेल्याची विचारपूस, फोन, टपाल, साहेबांच्या भेटींच्या वेळा, सारे तिच्याकडे. दीड महिन्यापूर्वी नव्या साहेबांनी तिला बोलावून गोड शब्दांत सांगितले की समोर जरा 'फ्रेश' चेहरा हवा. पगार तोच, जागा मात्र आतली, फायलींच्या कपाटांमागची. तिच्या जागी चोवीस वर्षांची मुलगी आली. बेबीने हे घरी नवऱ्यालाही सांगितले नव्हते. आणि मी तिच्या पत्रकावर शाळेचा विनोद केला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या ओळखीच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्वचारोगात त्यांची तीस वर्षे गेली आहेत. त्यांनी बेबीला खिडकीशी बसवले, भिंगातून चेहरा पाहिला आणि मग कागदावर कातडीचे चित्रच काढले. वरचा थर अगदी पातळ, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा. त्याच्याही वरची पापुद्र्यासारखी पेशींची चादर मेलेलीच असते. स्पातले पाण्याचे यंत्र काम करते ते या चादरीवर. ती साफ झाली, ओलावा मिळाला, की चेहरा चमकतो. "काही दिवस छान वाटेल. नेटकं, स्वच्छ हातांनी केलं तर वाईट काहीच नाही," बाई म्हणाल्या. "पण सुरकुती तिथं नसते. ती खालच्या थरात असते."

खालच्या थरात कोलॅजेन नावाचे तंतू असतात. गादीतल्या कापसासारखे म्हणा. वय वाढते तसे ते विरळ होतात, आणि पाळी थांबल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत तर फार झपाट्याने. ध्वनिलहरींची आणि रेडिओलहरींची यंत्रे तिथवर ऊब पोचवतात. त्या उबेने तंतू आवळतात आणि पुढच्या काही महिन्यांत थोडे नवे तयार होतात. फरक पडतो, पण बेताचा. आणि आपल्या सावळ्या कातडीला उष्णता जास्त झाली तर काळे डाग उमटतात, म्हणून ते जाणत्या हातीच करावे. तांबड्या दिव्याचाही थोडा गुण आहे, मात्र एका बैठकीत नव्हे.

"आणि ते पेन?" बेबीने विचारले.

बाईंनी चष्मा काढला. हायलुरॉनिक आम्ल हे मूळचे साधे, शरीरातलेच द्रव्य. १९३४ साली कार्ल मायर आणि जॉन पामर या दोघांनी न्यूयॉर्कमध्ये गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरातून ते वेगळे काढले. पाणी धरून ठेवणे हा त्याचा गुण. मलमातून लावले तर ते बहुतेक वरच राहते आणि कातडी ओलसर ठेवते. रेषा भरायची तर ते आत घालावे लागते, आणि आत रक्तवाहिन्यांचे जाळे असते. सुई हाती असलेला डॉक्टर ती किती खोल गेली हे हाताने जाणतो, आणि काही बिघडले तर काय करायचे हेही त्याला ठाऊक असते. दाबाच्या पेनाने ते द्रव्य किती खोल आणि कुठे जाईल याचा भरवसा नाही. ते रक्तवाहिनीत अडकले तर तिथली कातडी मरते. नाकाजवळच्या वाहिन्या डोळ्यांकडच्या वाहिन्यांना जोडलेल्या असतात, तेव्हा दृष्टीही जाऊ शकते. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये लोकांना स्पष्ट बजावले की अशा बिनसुईच्या साधनांनी हे भरण करून घेऊ नका.

"सुई नाही म्हणजे धोका नाही, असं आपल्याला वाटतं," बाई म्हणाल्या. "सुईची भीती आपल्या सगळ्यांनाच. त्या भीतीवरच तर पत्रक छापतात."

मग त्यांनी बेबीची हनुवटी धरून चेहरा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवला. "तुम्ही कामाला कुठे बसता?"

बेबी गोंधळली. "आता आत बसते. आधी दारापाशी."

"डाव्या हाताला काच होती का? पश्चिमेची?"

बेबी बघतच राहिली. होती. जमिनीपासून छतापर्यंत काच, दुपारी दोनपासून ऊन थेट टेबलावर. पडदा लावू दिला नव्हता, कारण बाहेरून कचेरी दिसली पाहिजे.

बाईंनी तिच्या हाती आरसा दिला. पन्नास वर्षांहून अधिक काळ मी हा चेहरा पाहते आहे, पण मला ते कधी दिसले नव्हते. डाव्या गालावर वांग होते, डोळ्याच्या कोपऱ्याशी रेषा दाट होत्या, कातडी जाड आणि सैल होती. उजवा गाल पाच-सात वर्षांनी धाकटा वाटत होता.

साधी काच उन्हातला भाजणारा भाग बराचसा अडवते, बाईंनी समजावले, पण खोल जाऊन तंतू मोडणारे किरण तिच्यातून मोठ्या प्रमाणात आत येतात. चटका बसत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. २०१२ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रकचालकाचे छायाचित्र छापले होते. वय ६९, चालकाच्या आसनावर २८ वर्षे. खिडकीकडचा डावा गाल म्हाताऱ्याचा आणि उजवा बराच तरुण. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून आपल्या चालकांचा उजवा गाल पाहावा.

उपाय काय, तर महागडा काहीच नाही. रोज सकाळी चेहऱ्याला, मानेला उन्हाचे मलम, घरात खिडकीशी बसणार असलो तरी, आणि दुपारी पुन्हा एकदा. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर या गावी ९०३ माणसांवर साडेचार वर्षे प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. मलम रोज लावणाऱ्यांची कातडी मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी पिकली. शिवाय बाईंनी रात्री लावायचे एक औषध लिहून दिले, हळूहळू गुण येईल असे सांगून.

बाहेर आल्यावर बेबी पायरीवरच उभी राहिली. "ताई, म्हणजे त्यांच्याच टेबलावर बसून माझा चेहरा असा झाला, आणि असा झाला म्हणून त्यांनीच मला उठवलं." मला उत्तर सुचले नाही. लेखिका म्हणवून घेणाऱ्या बाईला अशा वेळी काही सुचू नये, याची लाज वाटली.

शनिवारची सवलत आम्ही जाऊ दिली. नरकचतुर्दशीच्या पहाटे बेबी माझ्याकडेच होती. आईच्या पद्धतीने मी तिला पाटावर बसवून तेल लावले, मग आंबेहळद, चंदन, नागरमोथा, वाळा घातलेले उटणे दुधात कालवून चेहऱ्याला लावले. आधी उजवा गाल, मग डावा. डाव्यावर हात जरा जास्त वेळ राहिला. हेही बिनसुईचेच, आणि हेही सुरकुतीच्या थरापर्यंत जात नाही, हे मला आता ठाऊक आहे. पण सगळेच काही सुरकुतीसाठी करायचे नसते. आमच्या ह्यांनी पाडव्याला तिच्या हातावर उन्हाच्या मलमाची नळी ठेवली आणि पुटपुटले, "इस्त्रीचं बोललो ते विसर." तीच नळी गुपचूप स्वतःसाठीही आणली होती, ती मला नंतर त्यांच्या कपाटात सापडली.

दिवाळीनंतर बेबीने साहेबांना एक अर्ज लिहिला. त्यात दोन मागण्या होत्या. मला टेबलावरून का उठवले, हे लेखी द्यावे. आणि पश्चिमेच्या काचेवर किरण अडवणारा पातळ पडदा चिकटवावा, त्यातून बाहेरून कचेरी दिसते, खर्चाचा अंदाज सोबत जोडला आहे. पहिल्या मागणीला आजतागायत उत्तर नाही. दुसरी आठवड्याभरात मान्य झाली.

बेबी अजून फायलींच्या कपाटांमागेच बसते. परवा ती सांगत होती की टेबलावरची ती मुलगी आता दुपारचा चहा घ्यायला आत तिच्याकडे येते. पहिल्याच दिवशी तिने विचारले होते, "मावशी, तुम्हांला तर आता काचेचा त्रास नाही, मग तुम्ही कशाला मागितलंत?"

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारले.

"म्हटलं, तुझा डावा गाल छान आहे. तो तसाच राहू दे."