पदक छातीवर, नोंद कुठे? माजी सैनिकाच्या सेवानोंदीतली चूक कशी दुरुस्त होते, समजून घ्या

दापोली तालुक्यातल्या मुरुडसारख्या गावात १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारी आली की घरातले माजी सैनिक कपाटातली पदके काढून कोटावर लावतात आणि झेंडावंदनाला जातात. त्या पदकांचा हिशेब एरवी कोणी मागत नाही. तो निघतो दोनच प्रसंगी. एक, एखाद्या योजनेचा अर्ज भरताना. दुसरा, सैनिक गेल्यानंतर पत्नी किंवा मुले कागद जुळवायला बसतात तेव्हा. डिस्चार्ज बुक उघडले जाते आणि लक्षात येते, की १९७१च्या युद्धात सीमेवर असलेल्या माणसाच्या नोंदीत त्या युद्धाचे पदकच लिहिलेले नाही.

ही चूक दुरुस्त होते का? होते. पण कोणते पदक, कोणाकडे अर्ज आणि पुरावा काय, हे आधी कळले पाहिजे. ते न कळल्यामुळेच बरेच अर्ज फिरत राहतात.

पदके दोन जातींची

पहिली जात शौर्य पुरस्कारांची. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र; अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र; आणि सेना, नौसेना व वायुसेना पदक. यांची शिफारस वरिष्ठ अधिकारी करतात, मंजुरी राष्ट्रपतींच्या नावाने मिळते आणि नाव भारताच्या राजपत्रात छापून येते. यांच्याबरोबर दरमहा भत्ता असतो. २०१७च्या सुधारित दरांनुसार परमवीर चक्रासाठी २०,००० रुपये, महावीर चक्रासाठी १०,०००, वीर चक्रासाठी ७,००० आणि शौर्यासाठी मिळालेल्या सेना पदकासाठी २,००० रुपये. राज्य सरकारची रोख रक्कम वेगळी.

दुसरी जात सेवा पदकांची. ठरावीक काळात, ठरावीक भागात, ठरावीक दिवस नोकरी केली की ही पदके मिळतात. १९६५च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा पदक, १९७१साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक, कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय पदक. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्यांना स्वातंत्र्याच्या २५व्या वर्षाचे पदक, तसेच १९९७ मध्ये ५०व्या आणि २०२२ मध्ये ७५व्या वर्षाचे. शिवाय ९, २० आणि ३० वर्षांच्या दीर्घ सेवेची पदके. यांना महिन्याचा भत्ता नाही.

मग पैसे नसलेल्या पदकासाठी धडपड कशाला? कारण पदकाची नोंद हा सैनिक त्या वेळी कुठे होता याचा सरकारी दाखला असतो. युद्धात जखमी झालेल्याला मिळणारे पराक्रम पदक, म्हणजे पूर्वीचे वूंड मेडल, हे त्याचे ठळक उदाहरण. जखम शत्रूच्या कारवाईत झाली अशी नोंद असेल तर पेन्शनमध्ये युद्धजखमेचा घटक धरला जातो. तीच जखम साधा अपघात म्हणून लिहिली गेली असेल तर बराच कमी दर लागू होतो. एका ओळीच्या फरकाने घरात येणारी रक्कम बदलते. आणि जिथे पैशांचा प्रश्न नाही तिथेही आजोबा युद्धात होते हे नातवंडांना कागदावर दिसणे, ही काही किरकोळ गोष्ट नाही.

चूक होते कुठे?

जवानाच्या नोकरीचा सगळा हिशेब त्याच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या अभिलेख कार्यालयात, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसात असतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावात, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला. बढती, बदली, रजा, लग्न, जखम, पदक अशी प्रत्येक घटना युनिट 'पार्ट टू ऑर्डर' काढून कळवते आणि तिथल्या कागदावर ती चढते. युनिटने ऑर्डर काढली नाही किंवा ती पोहोचली नाही, की नोंद राहून गेली.

सेवा पदकाची घोषणा बहुतेक वेळा मोहिमेनंतर होते. तोवर जवान दुसऱ्या युनिटला गेलेला असतो किंवा घरी परतलेला असतो. १९६५च्या युद्धाची पदके स्थापन झाली १९६७ मध्ये. मधल्या काळात निवृत्त झालेल्याच्या डिस्चार्ज बुकात ती कशी असणार? पदक पुढे टपालाने आले तरी घरातल्या पुस्तकात त्याची नोंद कोणी करायची, हा प्रश्न उरतोच.

नाव आणि पत्ता हा तिसरा घोळ, आणि कोकणात तो विशेष. भरतीच्या वेळी कारकुनाने ऐकले तसे इंग्रजीत लिहिलेले नाव, कुठे आडनाव आहे तर कुठे फक्त वडिलांचे नाव. त्यात मुरुड एक नाही. रत्नागिरी जिल्ह्यातले दापोलीचे मुरुड वेगळे, रायगडमधले जंजिऱ्याचे मुरुड वेगळे आणि लातूर जिल्ह्यातले मुरुड आणखी वेगळे. रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. सिंधुदुर्ग जिल्हा त्याच वर्षी रत्नागिरीतून निघाला, त्यामुळे सावंतवाडीच्या जुन्या सैनिकाच्या कागदावर आजही जिल्हा रत्नागिरीच दिसतो. पेन्शनची माहिती 'स्पर्श' या संगणकीय प्रणालीवर गेल्यापासून अशा विसंगती जास्त लवकर उघड्या पडतात.

दुरुस्तीची वाट

पहिली पायरी घरातली. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, जुनी रजेची प्रमाणपत्रे, युनिटमधून आलेली पत्रे, इस्पितळाचे कागद आणि फोटो एकत्र करावेत. पदक हाती असेल तर त्याची कड भिंगाखाली पाहावी. अधिकृत पदकाच्या कडेवर बहुधा सैनिकाचा क्रमांक, हुद्दा व नाव कोरलेले असते. बाजारातून शिवून आणलेल्या पट्टीवरच्या नकली पदकावर ते नसते. सैनिक क्रमांक ही सगळ्याची किल्ली आहे, नावात घोळ असला तरी क्रमांकावरून फाइल सापडते.

दुसरी पायरी, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. ते रत्नागिरीत आहे. मुरुडहून तिथवरचा प्रवास शंभर किलोमीटरहून जास्त, त्यामुळे आधी फोन करून लागणाऱ्या प्रतींची यादी घेणे शहाणपणाचे. या कार्यालयामार्फत अभिलेख कार्यालयाला अर्ज जातो. 'माझी पदके मिळाली नाहीत' एवढेच लिहून भागत नाही. कोणते पदक, त्या तारखांना कोणते युनिट, ते कुठे तैनात होते, सोबत कोणता पुरावा, असे मुद्देसूद लिहावे. पदक मिळालेच नाही, मिळाले पण नोंद नाही, आणि मिळाले पण हरवले, या तीन वेगळ्या मागण्या आहेत. एकाच अर्जात त्या मिसळल्या की उत्तरही गोंधळाचे येते.

तिसरी पायरी माहिती अधिकाराची. उत्तर येत नसेल तर १० रुपये शुल्क भरून अभिलेख कार्यालयाच्या माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. अर्ज ऑनलाइनही होतो. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे, न दिल्यास पहिले अपील आणि त्यानंतर केंद्रीय माहिती आयोग. इथे तक्रार करू नये, कागद मागावेत: शीट रोलची प्रत, पदकांच्या नोंदीचे पान, संबंधित पार्ट टू ऑर्डरची प्रत. सैनिक हयात नसेल तर पत्नीने किंवा वारसाने नात्याचा पुरावा जोडावा.

चौथी पायरी सशस्त्र दल न्यायाधिकरणाची. २००७च्या कायद्याने ते स्थापन झाले. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी त्याचे पीठ मुंबईत आहे. आधी लष्करातले अंतर्गत उपाय करून पाहावे लागतात आणि अंतिम आदेशापासून साधारण सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. उशीर झाला असेल तर सबळ कारण देऊन तो माफ करून घेता येतो.

न्यायाधिकरण काय करू शकते?

कारगिल युद्धात बटालिक भागात ७० इन्फंट्री ब्रिगेडचे नेतृत्व करणारे ब्रिगेडियर देविंदर सिंग यांचे प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखे आहे. युद्धातल्या आपल्या कामगिरीच्या नोंदी वरिष्ठांनी कमी लेखून लिहिल्या, अशी त्यांची तक्रार होती. २०१० मध्ये न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्या नोंदी दुरुस्त करायला सांगितले. म्हणजे युद्धाचा लिहिला गेलेला इतिहासही पुराव्याच्या आधारे तपासता येतो.

मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. राजपत्रात नाव आहे पण सेवानोंदीत नाही, हे प्रकरण सोपे, कारण राजपत्र हाच पुरावा. सेवा पदकाचे निकष पूर्ण होतात पण नोंद नाही, हेही सुटण्यासारखे. मात्र 'पराक्रम केला, शिफारसच झाली नाही' अशा दाव्यावर अनेक दशकांनी शौर्य पुरस्कार मिळण्याची आशा कोणी दाखवत असेल, तर त्याला पैसे देऊ नयेत.

घड्याळ चालू आहे

खरी घाई इथे आहे. पेन्शन न मिळालेल्या सैनिकांचे सेवेचे तपशीलवार कागद लष्करी नियमांनुसार २५ वर्षांनी नष्ट केले जातात. मागे राहतो तो 'लाँग रोल', ज्यात मोजक्याच नोंदी असतात. मग अर्जाला एका ओळीचे उत्तर येते: कागद मुदतीनंतर नष्ट केले आहेत. अशा वेळी घरातले पिवळे पडलेले डिस्चार्ज बुक हाच उरलेला पुरावा.

अमेरिकेने हा फटका मोठ्या प्रमाणावर सोसला. सेंट लुईसच्या अभिलेखागाराला १९७३ मध्ये लागलेल्या आगीत १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फाइली जळाल्या. तिथे नोंदी दुरुस्त करण्यासाठी स्वतंत्र मंडळे आहेत आणि जळालेल्या फाइलींच्या जागी इतर कागदांवरून सेवा सिद्ध करण्याची पद्धत बसवली गेली. भारतात संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्ध डायऱ्यांसह जुनी कागदपत्रे साधारण २५ वर्षांनी खुली करण्याचे धोरण मंजूर केले. कोणते युनिट कधी कुठे होते, हे या डायऱ्यांतून कळते. माजी सैनिकाच्या दाव्याला त्यांचा आधार मिळू शकतो.

दापोलीला हा विषय नवा नाही

दापोली ही ब्रिटिश काळातली लष्करी छावणी आणि पेन्शनर सैनिकांची वस्ती. आजही जुनी माणसे 'कॅम्प दापोली' म्हणतात. लष्करातून निवृत्त झाल्यावर सुभेदार रामजी सकपाळ इथेच काही काळ राहिले. गोपाळबाबा वलंगकर हेही इथले पेन्शनर. महार सैनिकांची भरती बंद झाली तेव्हा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्जाचा मसुदा तयार केला. आमच्या लोकांनी केलेली सेवा पाहा, हा त्यातला आधार होता. पुढे महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये. केलेल्या सेवेची नोंद हा हक्क मागण्याचा पाया असतो, हे या तालुक्याने सव्वाशे वर्षांपूर्वीच ओळखले होते.

काय व्हायला हवे?

अभिलेख कार्यालयांवर लाखो फाइलींचा भार आहे, खोटे दावेही येतात, त्यामुळे पुरावा मागणे योग्यच. पण नोंद चढवणे हे युनिटचे काम होते. ते राहिले म्हणून ऐंशी वर्षांच्या माणसाने किंवा त्याच्या विधवेने पुरावे शोधत फिरावे, हा न्याय नव्हे. युनिट कोणत्या तारखेला कुठे होते, ही माहिती लष्कराकडे आहे. सैनिक कोणत्या तारखेला कोणत्या युनिटमध्ये होता, हीही आहे. दोन याद्या एकमेकींशी ताडून पात्र पदके काढणे संगणकाला अवघड नाही.

निवृत्तीच्या दिवशीच अशी छापील यादी जवानाच्या हाती द्यावी आणि त्याची सही घ्यावी. जुन्या फाइली नष्ट करण्याआधी किमान पदके व जखमांची पाने स्कॅन करावीत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने वर्षातून एकदा दापोली, मंडणगड, खेडसारख्या तालुक्यांत नोंद तपासणीचे शिबिर घ्यावे. रत्नागिरीची वारी न करता काम झाले तर सत्तरी ओलांडलेली किती तरी माणसे पुढे येतील.

तोवर घरच्यांना एक गोष्ट या आठवड्यातच करता येईल. डिस्चार्ज बुकाच्या प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो काढून ठेवावा आणि आजोबा बोलत आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे: कोणते युनिट, कोणते वर्ष, कोणती सीमा. अर्जात हेच तीन रकाने सगळ्यात आधी भरायचे असतात.