बंदराचा बांध आणि वाळूचा हिशेब

चेन्नईची मरीना चौपाटी पाहून तिच्या विस्ताराचे कौतुक न करणारा प्रवासी विरळाच. तथापि एवढी रुंद पुळण तेथे पूर्वी नव्हती. सेंट जॉर्ज किल्ल्याच्या तटाजवळ एके काळी समुद्र येत असे. आज तेथे जी वाळू दिसते, ती बंदराच्या बांधाने अडवून ठेवलेली आहे आणि वस्तुतः ती उत्तरेकडील किनाऱ्याच्या वाट्याची आहे.

हे कसे घडले? पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली, की लाटेला तळ जाणवू लागतो. तिचा वेग मंदावतो, उंची वाढते आणि अखेरीस ती फुटते. तिरपी येणारी लाट उथळ पाण्यात किनाऱ्याकडे वळते खरी, परंतु पुरती वळत नाही. म्हणून फुटताना ती वाळूला किनाऱ्याच्या कडेकडेने ढकलते. चेन्नईपाशी नैर्ऋत्य मोसमी काळात ही वाळू उत्तरेकडे व ईशान्य मोसमी काळात दक्षिणेकडे जाते. वर्षाचा ताळेबंद मांडला, तर उत्तरेचे पारडे जड भरते.

या वाहत्या वाळूच्या वाटेत 1876 मध्ये बंदराच्या बांधांचे काम सुरू झाले. तोवर जहाजे दूर समुद्रात नांगरून राहत आणि माल व माणसे मसुला नावांतून किनाऱ्यावर येत. या नावांच्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता दोरीने शिवलेल्या असत. 1881 च्या चक्रीवादळाने नव्या बांधांची मोठी हानी केली. ती भरून काढता आली. वाळूने मात्र पिच्छा सोडला नाही. पूर्वेकडील मूळ प्रवेशद्वार पुढे बंद करून ईशान्येस नवे करावे लागले. ज्यांच्या कारकिर्दीत हे झाले, त्या सर फ्रान्सिस स्प्रिंग यांच्याच कचेरीत 1912 मध्ये श्रीनिवास रामानुजन कारकून म्हणून लागले, हा योगायोग सहज आठवतो.

बांधाच्या दक्षिणेस पुळण वाढत गेली. उत्तरेस रॉयपुरमपासून तिरुवोट्टियूरपर्यंत किनारा झिजला आणि कोळ्यांच्या वस्त्या समुद्राच्या तोंडी आल्या. त्यावर उपाय म्हणून दगडी भिंती घातल्या गेल्या. भिंत तिच्या मागची जमीन राखते, हे मान्य केले पाहिजे; परंतु पुढची पुळण ती राखत नाही. लाट भिंतीवर आदळून परतते आणि पायथ्याची वाळू उकरून नेते. भिंत जेथे संपते, तेथून झीज पुढे सरकते. कोळ्याला तर नाव ओढण्यास आणि जाळी वाळत घालण्यास पुळणच हवी असते. दगडांचा ढीग त्याच्या काय कामाचा?

तेव्हा बांधाने अडवलेली वाळू दरवर्षी यंत्रांनी पलीकडे पोचविणे, हा बंदर चालविण्याच्या नित्य खर्चाचाच भाग मानला पाहिजे. हा खर्च फार आहे, असा आक्षेप घेतला जातो. परंतु आज तो खर्च टळत नाही. तो केवळ उत्तरेकडील वस्त्यांच्या माथी बसतो. पुदुच्चेरीतही 1980 च्या दशकातील बंदरानंतर शहरापुढील पुळण नाहीशी झाली आणि ती परत आणण्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेला समुद्रात बुडीत बांध घालावा लागला.

बंदराचा गाळ उपसण्याचा खर्च हिशेबाच्या वहीत लिहिला जातोच. उपसलेली वाळू कोठे टाकली, हा रकानाही त्याच वहीत असावा आणि ती वही किनाऱ्यावरील गावांना पाहावयास मिळावी. चेन्नईच्या उत्तरेस एण्णूर येथे 2001 पासून दुसरे बंदर सुरू आहे. त्याच्याही पलीकडे पुलिकत सरोवर आहे, आणि त्याच्या व समुद्राच्या मध्ये आहे ती वाळूचीच एक अरुंद पट्टी.