नशिबाचा सातबारा

घाम गाळा, यश मिळेल म्हणे. मग गोदीतला एकही हमाल शेठ का झाला नाही? आमच्या गडचांदुरात जमिनीखाली चुनखडी, वर सिमेंटचा कारखाना. चुनखडी निघाली हे नशीब म्हणा हवं तर. पण जमीन कोणाची, हे सातबारा ठरवतो; माझ्या बापाचं नाव त्यावर कधी नव्हतंच.

आणि बाबासाहेबांएवढी मेहनत कुणी केली, दोस्तांनो? १९१३ ला बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली, कोलंबिया गाठलं. १९१७ ला परदेशी डिगरी घेऊन बडोद्यात नोकरीवर आले, तर राहायला खोली मिळेना! पारशी धर्मशाळेतूनही हाकललं. काय कमी पडलं, मेहनत की नशीब? जात आडवी आली. तिला कपाळावरची रेघ म्हणणं माझ्या पणज्यानं १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्यात दीक्षा घेतली तेव्हाच सोडलंय.