निरनिराळ्या युगांतील अजिंक्य संघ: तुलनेचा खरा निकष

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या विजेत्यांत श्रेष्ठ कोण, या वादात एका मोठ्या पक्षाचे प्रतिपादन असे की, २०१७ सालचा गोल्डन स्टेट वॉरियर्स संघ १९६० च्या दशकातील बॉस्टन सेल्टिक्ससमोर उभा केला तर तो त्याची धूळधाण उडवील, आणि ज्याअर्थी तो जिंकेल त्याअर्थी तोच श्रेष्ठ होय. आजच्या खेळाडूची शरीरसंपदा, त्याचा आहार, त्याच्या दिमतीस असलेले वैद्य व प्रशिक्षक आणि लांबून अचूक नेम साधण्याचे त्याचे कौशल्य हा सर्व पुरावा हा पक्ष हजर करतो. पुरावा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

कारण हा काल्पनिक सामना कोणत्या नियमांच्या अंमलाखाली भरवायचा, याचा खुलासा हा पक्ष कधीच करीत नाही. तीन गुणांची रेषा एनबीएत १९७९-८० च्या हंगामात आली; विशिष्ट खेळाडूऐवजी मैदानाचा विभाग राखून बचाव करण्याची मुभा २००१-०२ पासून मिळाली; चेंडू घेऊन येणाऱ्यास हाताने अडवून धरण्यावर २००४ मध्ये कडक निर्बंध आले. सामना जुन्या नियमांनी खेळविला, तर वॉरियर्सच्या स्टीफन करीने २०१५-१६ या एका हंगामात त्या रेषेबाहेरून साधलेल्या ४०२ नेमांपैकी प्रत्येकाचा एकेक गुण वजा करावा लागेल. नव्या नियमांनी खेळविला, तर ज्यांच्या मैदानावर ती रेषाच नव्हती त्यांना तिच्या अभावाबद्दल दोषी धरल्यासारखे होईल. नियम ठरविणाऱ्याने निकालही तेथेच ठरविलेला असतो.

साठ वर्षे मागे जाण्याचेही कारण नाही. १९९५-९६ चा शिकागो बुल्स संघ ७२ सामने जिंकला व १० हरला. २०१५-१६ च्या वॉरियर्सनी ७३ जिंकले व ९ गमावले. या दोन हंगामांत अंतर अवघे वीस वर्षांचे, आणि स्टीव्ह कर हा गृहस्थ तर पहिल्या संघात खेळाडू व दुसऱ्याचा प्रशिक्षक. तरीही मैदान एक नव्हते: १९९४ पासून तीन हंगाम ती रेषा २३ फूट ९ इंचांवरून सरसकट २२ फुटांवर आणलेली होती, म्हणजे बुल्सचे नेमबाज ज्या अंतरावरून चेंडू टाकीत, ते वॉरियर्सना मैदानाच्या कोपऱ्यांतच लाभत असे. शिवाय वॉरियर्स त्या वर्षी अंतिम फेरीत तीन-एक अशी आघाडी घेऊनही क्लीव्हलँडकडून हरले. तेव्हा ७३ विजयांचा दाखला कितीही भव्य असला, तरी त्यावर अजिंक्यपदाची मोहोर नाही.

जुन्या काळच्या कणखरपणाचे गोडवे गाऊन आजच्या खेळाडूस नाजूक ठरविणाऱ्यांची कैफियतही याच दोषाने ग्रासलेली आहे, म्हणून तिचा वेगळा परामर्श नको. परंतु या दोघांना कंटाळून, युगायुगांची तुलना करूच नये असे म्हणणारा जो तिसरा पक्ष आहे, तोही मला मान्य नाही. प्रत्येक संघाला प्रतिस्पर्धी होते आणि त्यांच्यावर त्याने किती काळ, किती बदलत्या परिस्थितीत वर्चस्व राखले, हे दप्तरी नमूद आहे. आपल्या काळाने घातलेल्या अटींवर संपादन केलेले चिरस्थायी प्रभुत्व हाच तुलनेचा निकष, आणि त्या निकषावर १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे, त्यांपैकी आठ लागोपाठ, मिळविणाऱ्या सेल्टिक्सच्या तोडीचा संघ मला दिसत नाही.

यावर आक्षेप असा की, त्या वेळी आरंभी संघ अवघे आठ होते आणि बहुतेक वर्षी दोन मालिका जिंकल्या की अजिंक्यपद हाती येई. वस्तुस्थिती खरी आहे. परंतु संघ आठच असल्यामुळे प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एका हंगामात दहा-बारा वेळा गाठ पडे, आणि तुमची प्रत्येक खोड त्याला पाठ होई. सेल्टिक्सच्या बिल रसेलला विल्ट चेंबरलेनसारख्या महाकाय खेळाडूशी आपल्या कारकिर्दीत १४० हून अधिक वेळा झुंजावे लागले. मालिका सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली असता रसेल दहापैकी दहा वेळा जिंकला. १९६२ च्या अंतिम मालिकेतील सातव्या सामन्यात, जादा वेळेपर्यंत गेलेल्या त्या झुंजीत, त्याने ३० गुण केले आणि ४० रिबाउंड घेतले.

आकड्यांवरच विसंबणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रसेल प्रतिपक्षाचा चेंडू अडवी तेव्हा तो प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या मिळविण्याऐवजी बोटांच्या हलक्या स्पर्शाने आपल्याच सहकाऱ्याकडे वळवी, आणि बॉब कूझी तोच चेंडू घेऊन समोरचा बचाव सावरण्यापूर्वी दुसऱ्या टोकाकडे धाव घेई. एका क्षणात बचावाचे आक्रमण होई. ही त्या संघाची मुख्य विद्या. पण अडविलेल्या चेंडूंची अधिकृत नोंद १९७३-७४ पासून सुरू झाली, सबब तिचा जमाखर्च कोठेच सापडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संख्येवर अलिखित मर्यादा होती, त्यामुळे स्पर्धा अपुरी होती. हे मी मान्य करतो, आणि आरंभीच्या विजयांचे मोल त्यामुळे काही अंशी कमी होते हेही मान्य करतो. तथापि ती मर्यादा मोडण्यात सेल्टिक्स अग्रेसर होते: १९५० साली चक कूपर या कृष्णवर्णीय खेळाडूची निवड त्यांनी केली, १९६४ च्या डिसेंबरात पाचही कृष्णवर्णीय खेळाडू आरंभापासून मैदानात त्यांनीच उतरविले, आणि १९६६ मध्ये रसेलला प्रशिक्षकपद देणाराही हाच संघ. मर्यादा जसजशी ढिली पडली तसतसे प्रतिस्पर्धी बलाढ्य झाले, तरी सेल्टिक्स जिंकतच राहिले.

ज्यांना हे अमान्य असेल त्यांनी असा दुसरा संघ दाखवावा, की ज्याचा कूझी १९६३ मध्ये निवृत्त झाला, ज्याच्या काळात १९६४ साली बास्केटखालील प्रतिबंधित पट्टा १२ फुटांवरून १६ फूट रुंद केला गेला, ज्याचे प्रशिक्षक रेड ऑरबाख १९६६ मध्ये पायउतार झाले, आणि जो इतके होऊनही १९६९ साली आपल्या विभागात चौथा आलेला असता लॉस एंजेलिस लेकर्सच्या घरच्या मैदानावर, सातवा सामना १०८-१०६ असा जिंकून अजिंक्य ठरला.